मैफलीत मावणारा ड्रम

भारतातील तालवाद्यांकडे पाहिले तर त्यांच्यात एक जुनी वाटणी आढळते. मोकळ्या आकाशाखालची वाद्ये वादक बहुधा उभ्याने वाजवतो आणि छपराखालची वाद्ये बसून. गोंधळ्याचे संबळ कमरेला बांधलेले असते, ढोल-ताशांचे पथक चालता चालता वाजवते, केरळातील चेंडा आणि बंगालातील ढाक खांद्यावरून लटकतात. याउलट तबला, पखवाज, मृदंगम् ही बैठकीची वाद्ये. उभ्या वाद्याने गर्दीला हाक घालावी आणि बैठ्या वाद्याने गाणाऱ्याचा श्वास सांभाळावा, अशी ही कामांची विभागणी आहे. तमाशातील ढोलकीवाला तेवढा दोन्ही पंगतींत जेवतो. तो उभा असतो, ढोलकी कमरेला असते, फड रंगात आला की ती कडाडते. आणि लावणीचे शब्द सुरू झाले की तीच ढोलकी शब्दांना वाट करून देते.

पाश्चात्त्य ड्रमसंचाची स्थिती या वाटणीच्या नेमकी उलट आहे. तो बसून वाजवायचा, छपराखाली वाजवायचा, आणि त्याचा आवाज मात्र रस्त्यावरचा. मोठ्या सभागृहात, ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे, तो आवाज शोभतो. परंतु तीस-चाळीस श्रोते, एक गिटार, फार तर एखादे व्हायोलिन आणि ध्वनिवर्धकाशिवाय गाणारा एक गळा, एवढ्याच सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या बैठका आता अनेक शहरांत होतात. तेथे ड्रमवादकापुढे दोनच पर्याय उरतात: घरी राहावे, नाहीतर हातात खंजिरी घेऊन कोपऱ्यात उभे राहावे. वर्षानुवर्षे हात तयार केलेल्या कलावंताला यांपैकी एकही पर्याय सुखाचा नाही. आणि तालाचा भक्कम आधार गमावणे गाणाऱ्यालाही परवडणारे नाही. या अडचणीतून जे उत्तर निघाले ते म्हणजे उभ्याने वाजवायचा, आटोपशीर, मंद आवाजाचा ड्रमसंच. तो बाजारात तयार मिळतोच असे नाही. पुष्कळदा वादकालाच तो जुळवून घ्यावा लागतो. म्हणून तो कशाचा जुळवावा आणि का, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

ड्रमवादक मुळात बसला का, येथून आरंभ केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात लष्करी वाद्यवृंदात मोठा ड्रम, लहान ड्रम आणि झांजा ही वेगवेगळ्या माणसांची कामे होती, आणि ती माणसे उभी राहून किंवा चालत ती करीत. नाट्यगृहांच्या अरुंद जागेत एवढी माणसे मावेनात, तेव्हा एकच वादक काठ्यांनी दोन्ही ड्रम वाजवू लागला. पुढे मोठा ड्रम पायाने वाजवण्याच्या युक्त्या निघाल्या. शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ साली जलद चालणारे, व्यवहारात टिकणारे पेडल बाजारात आणले आणि उजव्या पायाला कायमचे काम मिळाले. विसाचे दशक संपता संपता उभ्या दांड्यावर मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झांजांची जोडी, म्हणजे ‘हाय-हॅट’, आली आणि डावा पायही गुंतला. दोन्ही पाय कामाला लागल्यावर माणसाने बसावे हे ओघानेच आले. ड्रमवादकाची बैठक ही अशी दोन पायांच्या नोकरीतून जन्मली.

तरीही उभे राहण्याची परंपरा संपली नाही. १९४० आणि १९५० च्या दशकांत अमेरिकेतील हॉटेलांच्या दिवाणखान्यांतून लहान वाद्यवृंद वाजत, तेथे जागेची टंचाई असे. त्यांच्यासाठी ‘कॉकटेल ड्रम’ या नावाचा एक प्रकार प्रचारात आला. सुमारे १४ ते १६ इंच व्यासाचा आणि दोन फुटांच्या आसपास उंचीचा एकच उभा ड्रम. त्याच्या वरच्या तोंडावर हाताने काठी पडे आणि खालच्या तोंडावर पेडलचा गोळा खालून वर आपटे. एकाच खोडातून दोन आवाज निघत आणि वादक श्रोत्यांकडे तोंड करून उभा राही. पुढे न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या गटात १९६५ पासून मॉरीन टकर यांनी मोठा ड्रम आडवा ठेवून, पेडल वर्ज्य करून, मऊ गोळ्यांच्या दांड्यांनी उभ्याने वाजवण्याची स्वतंत्र शैली घडवली. १९७९ नंतर ‘स्ट्रे कॅट्स’ या गटाचे स्लिम जिम फँटम हे मोजक्या दोन-तीन वाद्यांपुढे उभे राहून वाजवू लागले. या दोघांनी मोठ्या आवाजाच्या संगीतातही एक गोष्ट सिद्ध केली: संचातील बरीच वाद्ये काढून टाकली तरी ताल लंगडा होत नाही.

आता आवाजाचा प्रश्न. ड्रमवादकाला सर्वांत जास्त वेळा दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘जरा हळू वाजवा’. हा सल्ला वरवर सोपा दिसतो, पण ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने तो फार मोठी मागणी करतो. आवाज कानाला निम्मा वाटावा यासाठी त्याची पातळी सुमारे १० डेसिबलने उतरवावी लागते, आणि १० डेसिबलची उतरण म्हणजे ध्वनीची शक्ती एक-दशांशावर आणणे. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलच्या पातळीवर चालते. जोमाने वाजवलेला ड्रमसंच वादकाच्या कानाशी १०० डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. हे अंतर केवळ मनगट आवरून भरून निघणारे नाही. शिवाय मोठ्या ड्रमवर फार हलका आघात केला तर त्याचा पडदा पुरता हलतच नाही. आवाज लहान होतो आणि त्याबरोबर निर्जीवही होतो. लहान व हलका ड्रम मात्र थोड्या शक्तीने पूर्ण बोलतो. म्हणूनच या संचाचे पहिले सूत्र असे की, मंदपणा हाताकडून उसना घ्यायचा नसतो. तो वाद्याच्या बांधणीतच बसवायचा असतो. तसे केले म्हणजे वादकाला मोकळ्या हाताने, मनापासून वाजवता येते आणि तरीही गाणाऱ्याचा शब्द बुडत नाही.

या मंदपणात वादकाच्या स्वतःच्या कानाचेही हित आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या विषयाच्या राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाला जास्तीत जास्त ८ तास राहावे, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. आतल्या कानातील सूक्ष्म केसांसारख्या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्या कानावर लय तोलायची तोच कान लयीच्या पायी गमावणे, याहून महागडा व्यवहार कोणता?

संच आटोपशीर करायचा म्हणजे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे आधी ठरले पाहिजे. कोणत्याही ठेक्यात श्रोत्याचा कान तीन गोष्टी शोधतो: खर्जाचा एक घुमारा, त्याला उत्तर देणारा एक कोरडा व स्पष्ट आघात, आणि या दोहोंच्या मधून वाहणारा बारीक, अखंड धागा. तबल्याच्या जोडीत डग्ग्याची घूम, चाटेवरचा ‘ना’ आणि मधल्या भरणाचे हलके बोल हेच काम करतात. ड्रमसंचात ते अनुक्रमे मोठा ड्रम, तळाशी तारा लावलेला स्नेअर ड्रम आणि झांज करते. हे तीन स्वर राहिले की संच पूर्ण झाला. बाकीचे ड्रम आणि झांजा ही श्रीमंती आहे, गरज नव्हे.

या तिहींत खर्ज सर्वांत अवघड. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की, एकंदर आवाज लहान होऊ लागला म्हणजे माणसाच्या कानाला खालचे स्वर इतर स्वरांपेक्षा लवकर ऐकू येईनासे होतात. म्हणजे मंद संचात पहिला बळी खर्जाचाच जातो. त्यातच ड्रम लहान केला की त्याचा स्वर वर चढतो, कारण ताण आणि पडदा तोच राहिला तर व्यास जितका कमी तितका स्वर उंच. मग लहान वाद्यातून खोल स्वर काढायचा कसा? याचे उत्तर भारतीय कारागिरांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे. जेमतेम वीतभर तोंडाचा डग्गा एवढा घुमतो, कारण त्याच्या पुडीवर शाईचा भार दिलेला असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात, आणि पुढे १९३४ साली विस्तृत निबंधात, तबला व मृदंगम् यांच्या भारित पुड्यांचे शास्त्र मांडले. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर बेसूर असतात. शाईचा भार त्यांना सुरेल नात्यात आणतो, हा त्या संशोधनाचा गाभा. त्याच भारामुळे पुडीचा स्वरही खाली उतरतो.

मंद ड्रमसंचात हेच तत्त्व लहान प्रमाणात वापरता येते. सामान्य संचातील मोठा ड्रम २० ते २२ इंच व्यासाचा असतो. त्याऐवजी तीन पायांवर उभा राहणारा १६ इंची ‘फ्लोअर टॉम’ घ्यावा. त्याला एकेरी पडद्याऐवजी दोन थरांचा जड पडदा चढवावा. जेथे पेडलचा गोळा पडतो तेथे मध्यभागी नमद्याची किंवा जाड कापडाची गोल चकती चिकटवावी. तिने थोडा भार येतो आणि आघाताची टकटक मऊ होते. पडदा बसवताना त्याच्यावरच्या सुरकुत्या जाईपर्यंतच सर्व स्क्रू सारखे आवळावेत आणि मग प्रत्येकाला अगदी थोडा पीळ द्यावा. स्वर खोल हवा तर पडदा सैल हवा, पण तो लोंबता कामा नये. आस फार लांबत असेल तर पडद्याला नमद्याची एक पट्टी अलगद टेकवावी. उशा आणि चादरी कोंबून ड्रम मुका करण्याचा मोह आवरावा. आस तोडावी, प्राण घेऊ नये.

हा ड्रम दोन रीतींनी मांडता येतो. पहिली रीत कॉकटेल ड्रमची: ड्रम उभाच ठेवायचा, पाय लांब करून तो उंचावायचा आणि खालच्या पडद्यावर पेडलचा आघात वरच्या दिशेने होईल अशी जोडणी करायची. यात वरचे तोंड हातासाठी मोकळे राहते आणि जागा सर्वांत कमी लागते; मात्र पेडलमध्ये फेरबदल करावे लागतात. दुसरी रीत ड्रम आडवा ठेवण्याची. येथे एक साधे गणित विसरले जाते. २२ इंची ड्रमचा मध्य जमिनीपासून ११ इंचांवर असतो, १६ इंची ड्रमचा ८ इंचांवर. नेहमीच्या पेडलचा दांडा मोठ्या ड्रमच्या मापाने केलेला असल्यामुळे तो लहान ड्रमवर मध्याच्या पुष्कळ वर, काठाजवळ आपटतो आणि खर्जाऐवजी नुसता ठणका ऐकू येतो. म्हणून लहान ड्रम दोन-तीन इंच उचलून, पाळण्यासारख्या बैठकीवर घट्ट बसवावा.

ज्यांना ड्रमच नको असेल त्यांच्यासाठी पेरू देशाचा ‘काहोन’ आहे. पेरूच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी लाकडी खोक्यांतून घडवलेले हे वाद्य २००१ साली त्या देशाने राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केले. १९७७ च्या सुमारास स्पेनचे गिटारवादक पाको द लुसिया यांनी ते लिमा शहरात ऐकले आणि फ्लामेंको संगीतात नेले. गिटारच्या शेजारी कसे वागावे हे काहोनला उपजतच ठाऊक आहे. त्याच्यावर बसून हाताने वाजवण्याचा प्रघात असला तरी मऊ गोळ्याच्या पेडलनेही त्याचा खर्ज चांगला निघतो. काही फिरस्ते वादक तर जुनी कडक पेटी, म्हणजे प्रवासाची सूटकेसच, मोठ्या ड्रमच्या जागी उभी करतात. मैफल संपली की सारे सामान त्याच पेटीत भरून ते गाडी गाठतात.

स्नेअर ड्रम नेहमीच्या १४ इंचांऐवजी १० किंवा १२ इंचांचा, उथळ असा घ्यावा. त्याचा पडदा खरखरीत लेपाचा असावा, कारण तारांचा ब्रश गुळगुळीत पृष्ठावर बोलत नाही. खरखरीत पडद्यावर तो फिरवला म्हणजेच वाळूवरून लाट सरकल्यासारखा आवाज उठतो. हा ब्रशही मोठा गमतीचा. १९१० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत माश्या मारण्याचे साधन म्हणून जी तारांची जुडी निघाली, तीच ड्रमवादकांनी उचलली आणि जाझ संगीताला त्याचा सर्वांत नाजूक आवाज मिळाला. ब्रशाहून थोडा ठळक आवाज हवा असेल तर खराट्यासारखी, बारीक लाकडी काड्या एकत्र बांधलेली जुडी वापरावी. भरीव लाकडी काठी मात्र अशा मैफलीत क्वचितच पेटीबाहेर काढावी.

सर्वांत अधिक सावधगिरी झांजेच्या बाबतीत बाळगावी. गाण्याला मोठा ड्रम बुडवतो असा सर्वसाधारण समज आहे; खरा अपराध बहुधा झांजेचा असतो. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. बोलण्यातील पुष्कळ व्यंजनांची स्पष्टता याच पट्ट्यात आणि त्याच्या लगत वर ठरते, आणि झांजेचा दीर्घ झणत्कारही नेमका तेथेच पसरतो. परिणामी गाणाऱ्याचे स्वर ऐकू येतात, पण शब्द विरघळून जातात. म्हणून झांज एकच असावी. ती पातळ असावी, तिची आस आखूड असावी, आणि मागच्या बाजूला कापडी चिकटपट्टीचा एखादा तुकडा लावून ती आणखी आवरावी. छिद्रे पाडलेल्या मंद झांजा आणि जाळीचे पडदेही आता मिळतात. पण जाळीचे पडदे इतके मुके असतात की ते घरच्या रियाजालाच ठीक. बऱ्याच वेळा झांज अजिबात न घेता एका हातात दाणे भरलेला खुळखुळा आणि दुसऱ्या हातात ब्रश एवढ्यावर तो अखंड धागा सुंदर विणला जातो.

सामान जमले, आता माणूस उभा करायचा. येथे शरीराचा प्रश्न आहे. बसलेल्या वादकाचे वजन आसनावर असते, दोन्ही पाय मोकळे असतात. उभ्या वादकाने एक पाय पेडलला दिला की सारे शरीर दुसऱ्या पायावर येते. तासाभरात कंबर बोलू लागते. यावर उपाय तीन. पेडलच्या टाचेकडच्या पट्टीची जेवढी उंची, तेवढ्याच जाडीची फळी दुसऱ्या पायाखाली ठेवावी, म्हणजे दोन्ही टाचा समपातळीत येतात. पेडलवरची टाच उचलू नये; हालचाल घोट्यातूनच व्हावी. आणि मागे एक उंच स्टूल असावे, ज्यावर बसायचे नाही, फक्त टेकायचे. याउपर ज्याला पाय मोकळेच ठेवायचे असतील त्याने पेडल सोडून, मोठा ड्रम आडव्या तोंडाने मांडून, मऊ गोळ्याच्या दांड्याने खर्जही हातानेच वाजवावा.

स्नेअर ड्रमचा वरचा काठ कमरेच्या किंचित वर आणि कोपराच्या थोडा खाली यावा, म्हणजे हात उतरत्या रेषेत राहतो. बसून वाजवण्यासाठी केलेली तिवई एवढी उंच होत नाही. खाली ठेवलेल्या ड्रमवर वाकून वाजवले तर पाठ धरते, म्हणून उंच तिवईवर खर्च करण्यात काटकसर करू नये. वाद्य उंचावले की ते कलंडण्याची भीती वाढते. तिवईचे पाय पुरते फाकवावेत, जड वस्तू तळाशी ठेवाव्यात आणि झांज, खंजिरी वगैरे शक्यतो एकाच खांबावर अडकवावे. सर्वांच्या खाली जाड सतरंजी अंथरावी. ती ड्रमला घसरू देत नाही आणि लाकडी जमिनीत उतरणारी धडधडही शोषून घेते. एवढा संच तीन-चार फुटांच्या चौकोनात मावतो, एका माणसाला एका फेरीत उचलता येतो, आणि त्याचा वादक गिटारवाल्याच्या खांद्याला खांदा लावून, डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो. ही शेवटची गोष्ट लहान नव्हे. लय कोठे सैल करायची आणि सम कोठे गाठायची हे मैफलीत पुष्कळदा नजरेनेच ठरते.

संच साधला की नाही याची परीक्षा सोपी आहे. खोलीच्या सर्वांत मागच्या खुर्चीवर गाणे न ऐकलेला एक मनुष्य बसवावा. गाणाऱ्याने आवाज न चढवता, नेहमीच्या गळ्याने एक कडवे म्हणावे आणि ड्रमवादकाने हात न चोरता साथ करावी. मग त्या माणसाला कडव्याचे शब्द विचारावेत. त्याने ते सांगितले तर संच उत्तीर्ण झाला. शब्द अडले तर आधी झांज काढावी, मग काठी बदलावी, मग स्नेअरच्या तारा सैल कराव्यात. गाणाऱ्याला मोठ्याने गाण्यास सांगणे हा मार्ग नव्हे. आणि परीक्षा रिकाम्या खोलीत घेतली असेल तर एवढे ध्यानात ठेवावे की, भरलेल्या खोलीत माणसांची अंगे आणि कपडे बराच आवाज शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष मैफलीत संच आणखी थोडा मवाळ वाटेल.

एकेकाळी जागेच्या टंचाईने तीन वादकांचा एक वादक झाला आणि त्यातून ड्रमसंच जन्मला. आज पुन्हा जागेच्याच टंचाईने तो संच आपला पसारा आवरतो आहे. या आवराआवरीत वादक काही गमावतो हे खरे. पण जे उरते त्याच्या आधारावर त्याला त्या खोलीत उभे राहण्याचा हक्क परत मिळतो. आपल्या मागे साथ आहे आणि तरीही आपला शब्द मोकळा आहे, एवढी खात्री गाणाऱ्याला वाटली की पुढच्या बैठकीला ड्रमवाल्याला बोलावणे आल्याशिवाय राहत नाही.